‘चंदेरी भूता’चा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम देऊळ उभे राहते. पडलेले शिखर पुन्हा उभारावयाचे, खचलेला पाया भरून काढावयाचा, आणि देवाची पूजा अखंड चालू ठेवावयाची. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीस विश्वनाथाचे मंदिर बांधले, ते ह्याच भावनेने. तेथे दगड नवे होते. परंतु क्षेत्र तेच, देव तोच आणि भक्तीही तीच होती. म्हणून देऊळ नवे झाले तरी ‘विश्वनाथ नवा झाला’ असे कोणी म्हटले नाही.

आता आम्ही वाचकांपुढे एक वेगळा प्रश्न ठेवतो. जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करावयाचा झाल्यास काय होते? यंत्रात देव निराळा आणि देऊळ निराळे असे नसते. त्याचे लोखंड, पितळ, लाकूड आणि कातडे हेच त्याचे सर्वस्व. मग झिजलेले लोखंड काढून नवे बसविले, कुजलेले लाकूड टाकून नवे जोडले, तर उरलेली वस्तू जुनी म्हणावी की नवी? हा प्रश्न समजून घेण्यासाठी एका सुप्रसिद्ध इंग्रजी मोटारगाडीची कथा आपण पाहू. तिचे नाव ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे चंदेरी भूत.

गाडीमागची माणसे

ह्या गाडीचा कर्ता हेन्री रॉइस हा १८६३ साली इंग्लंडात पीटरबरोजवळच्या अल्वॉल्टन ह्या खेड्यात एका गिरणीवाल्याच्या घरी जन्मला. वडिलांचा धंदा बुडाला आणि पुढे पितृछत्रही हरपले. लहानपणी त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. एका आत्याने पैशांची सोय केल्यामुळे त्यास रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करावयास मिळाली. पण पैसा संपला आणि उमेदवारी अर्धवटच राहिली. अशा मुलाने पुढे १८८४ साली मँचेस्टर येथे विजेच्या वस्तूंचा लहानसा कारखाना काढला. डायनामो आणि विजेवर चालणाऱ्या याऱ्या ह्यांसाठी त्याचे नाव झाले.

पुढे त्याने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिच्यातील उणिवा त्यास बोचू लागल्या, तेव्हा आपणच चांगली मोटार बनवावी असे त्याने ठरविले. १ एप्रिल १९०४ रोजी त्याची पहिली गाडी रस्त्यावर धावली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात त्याची गाठ चार्ल्स रोल्स ह्या तरुणाशी पडली. रोल्स हा लॉर्ड घराण्यातला, केंब्रिजला शिकलेला आणि मोटारी विकण्याचा व्यवसाय करणारा. एकाकडे हात होता, दुसऱ्याकडे बाजारपेठ होती. १९०६ साली दोघांच्या नावाने कंपनी स्थापन झाली. तिचा व्यवहार पाहणारा तिसरा पुरुष म्हणजे क्लॉड जॉन्सन. रोल्स-रॉइस ह्या दोन नावांमधील जोडरेघ म्हणजे जॉन्सन, असे विनोदाने म्हणत असत, आणि ते खोटे नव्हते. गाडी कितीही उत्तम असली तरी तिची उत्तमता लोकांस पटवून द्यावी लागते, हे त्याने ओळखले होते.

नाव कसे पडले

१९०६ च्या अखेरीस कंपनीने सहा सिलिंडरांची नवी गाडी लंडनच्या प्रदर्शनात मांडली. तिचे अधिकृत नाव अगदी रुक्ष होते: ‘४०/५० अश्वशक्ती’. १९०७ साली जॉन्सनने ह्याच जातीचा एक सांगाडा वेगळा काढला. त्याचा क्रमांक ६०५५१ होता. बार्कर ह्या नामांकित कारागिरांकडून त्यावर चार माणसांची उघडी बैठक चढविली. सर्व अंगास ॲल्युमिनियमचा रंग दिला. दिवे आणि इतर जोडकाम ह्यांवर चांदीचा मुलामा चढविला. आणि ‘द सिल्व्हर घोस्ट’ अशी नावाची पट्टी तिच्यावर बसविली. गाडी चंदेरी, आणि आवाज न करता भुतासारखी येणारी, म्हणून हे नाव. तिला नोंदणी क्रमांक मिळाला तो ए. एक्स. २०१.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज ज्या सर्व गाड्यांस आपण ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणतो, त्या १९०७ पासून १९२६ पर्यंत साडेसात हजारांहून अधिक बनल्या. परंतु मूळचे हे नाव ए. एक्स. २०१ ह्या एकाच गाडीचे. १९२५ साली कंपनीने नवा नमुना काढल्यावर जुन्या नमुन्यास निराळे नाव हवे झाले आणि ह्या एका गाडीचे नाव सगळ्या जातीस मिळाले.

आवाज का होत नव्हता

मोटारीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधील दट्ट्या चार धावा करतो. पहिल्या धावेत पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसरीत ते दाबले जाते. तिसरीत ठिणगीने पेटून ते दट्ट्यास जोराने ढकलते. चौथीत जळका धूर बाहेर पडतो. चार धावा होईपर्यंत भुजादंडाचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात. म्हणजे एका सिलिंडरकडून दोन फेऱ्यांत एकच धक्का मिळतो. सिलिंडर सहा असले तर दोन फेऱ्यांत सहा, म्हणजे एका फेऱ्यात तीन धक्के मिळतात. इंजिन मिनिटास १,२०० फेरे घेत असेल तर सेकंदास वीस फेरे झाले. एका सिलिंडरच्या इंजिनात सेकंदास दहा धक्के, तर सहा सिलिंडरांच्या इंजिनात साठ. धक्के जितके जवळजवळ, तितकी चाल गुळगुळीत.

मग सर्वांनीच सहा सिलिंडर का वापरले नाहीत? कारण सिलिंडर वाढले की भुजादंड लांब होतो आणि लांब दांडा पिळला जातो. लांब वेळूचे एक टोक घट्ट धरून दुसरे पिळून सोडले तर तो उलटसुलट थरथरतो. झोपाळ्यास नेमक्या वेळी हलका धक्का देत गेल्यास झोका वाढत जातो, तसेच इंजिनाचे धक्के ह्या थरथरीच्या तालावर पडू लागले की ती वाढते आणि शेवटी दांडा मोडतो. रॉइसच्या आधीच्या सहा सिलिंडरांच्या गाडीस हाच रोग जडला होता. नव्या गाडीत त्याने भुजादंड जाड केला, त्यास सात ठिकाणी बेअरिंगांचा आधार दिला, सिलिंडर तिनातिनांच्या दोन जुळ्या गटांत मांडले, आणि पोकळ दांड्यातून दाबाखाली वंगणतेल खेळविले. सात लिटरांहून थोडे मोठे असे हे इंजिन सुमारे अठ्ठेचाळीस अश्वशक्ती देई. आजच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. परंतु ह्या इंजिनाकडून वेगापेक्षा शांतता आणि टिकाऊपणा ह्यांची अपेक्षा होती.

१९०७ ची परीक्षा

जॉन्सनने गाडीची परीक्षा घरच्या घरी घेतली नाही. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक गाडीत बसवून त्याने ती रस्त्यावर आणली. आरंभी दोन हजार मैलांची चाचणी झाली. नंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ रस्त्यांवरील स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळविले. आणि मग रविवार वगळून दिवसरात्र लंडन ते ग्लासगो अशा खेपा सुरू झाल्या. अशा सत्तावीस खेपा झाल्या. इच्छेविरुद्ध गाडी थांबली ती एकदाच, ६२९ मैलांवर. धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. ती उघडताच गाडी पुन्हा चालू लागली, आणि त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३,१०० किलोमीटर, ती यंत्राच्या दोषाने एकदाही थांबली नाही. त्यापूर्वीचा विक्रम ह्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

खरी परीक्षा त्यापुढेच होती. एकंदर पंधरा हजार मैल पुरे झाल्यावर जॉन्सनने क्लबच्या तज्ज्ञांस सांगितले की, गाडी पूर्ण सोडवा, प्रत्येक भाग मोजा, आणि झिजलेला प्रत्येक भाग बदलून गाडी नव्यासारखी करण्यास किती खर्च येतो तो जाहीर करा. तज्ज्ञांनी तसे केले. इंजिनाच्या बेअरिंगांत किंवा सिलिंडरांत मोजता येईल अशी झीज आढळली नाही. सुकाणूच्या सांध्यांतील काही लहान भाग, पंख्याचा पट्टा आणि अशाच किरकोळ वस्तू तेवढ्या बदलाव्या लागल्या. त्या भागांचा खर्च २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स इतका झाला. त्या वेळी १२ पेन्सांचा एक शिलिंग व २० शिलिंगांचा एक पौंड होत असे. नुसत्या सांगाड्याची किंमत ९८५ पौंड होती. गणित करून पाहा: हजार रुपयांच्या वस्तूमागे सव्वादोन रुपयांहूनही कमी झीज!

त्या काळी मोटारविक्रेते आपल्या मालाची वाटेल तशी स्तुती करीत. अशा वेळी आपली वस्तू परक्याच्या हाती देऊन ‘हिच्यातील उणे शोधा’ असे म्हणणे ही धाडसाची गोष्ट होती. रोल्स-रॉइसची कीर्ती जितकी चांदीच्या मुलाम्यावर उभी आहे, तितकीच ह्या खर्चाच्या हिशेबावर उभी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या मुलखातील धागा

ही कीर्ती लवकरच हिंदुस्थानातही पोहोचली. १९०८ साली ह्याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे ‘पूर्वेचे मोती’, नावाची गाडी मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणीत उतरली आणि सह्याद्रीच्या घाटांतून यशस्वीपणे गेली. घाटाचा चढ म्हणजे इंजिनाच्या उष्णतेची कसोटी आणि उतार म्हणजे ब्रेकांची. कारण त्या काळी ह्या गाडीस ब्रेक मागल्या चाकांनाच असत. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी विकत घेतली. यंत्रांची त्यांची आवड प्रसिद्धच होती. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आजही पाहुणे कौतुकाने पाहतात.

परंतु संस्थानिकांच्या वाड्यांत आलेल्या अनेक गाड्या पुढे पागेच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या, काही मोडीत गेल्या, काही परदेशी गेल्या. म्हणून जीर्णोद्धाराचा प्रश्न केवळ इंग्लंडातला नाही, तो आपलाही आहे.

दुसऱ्यांदा सोडविणे

ए. एक्स. २०१ ही गाडी १९०८ साली कंपनीने एका गृहस्थास विकली. त्याच्या घरी ती चाळीस वर्षे राहिली, चालली, राबली. १९४८ साली कंपनीने ती परत मिळविली. एकूण आयुष्यात ती पाच लाखांहून अधिक मैल धावली असे सांगतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत एसेक्स परगण्यातील पी. अँड ए. वूड ह्या कर्मशाळेने व बैठकीचे काम करणाऱ्या कारागिरांनी तिचा सांगोपांग जीर्णोद्धार केला.

अशा कामाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. उत्तम कारागीर पान्याला हात घालण्यापूर्वी कागद हाती घेतो. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक सांगाड्याची नोंदपत्रके कारखान्यात ठेवली जात. जुन्या गाड्यांची ती पत्रके आता ह्या गाड्यांच्या चाहत्यांच्या मंडळाने इंग्लंडात जपून ठेवली आहेत. पत्रके, छायाचित्रे आणि समोरची वस्तू ह्या तिघांची साक्ष जुळवून पाहावयाची, आणि मगच खोलावयास आरंभ करावयाचा.

खोलताना प्रत्येक भागास चिठ्ठी बांधतात. हे केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. रॉइसने सांगाड्याचे सांधे जोडताना तापवून ठोकलेल्या रिवेटांऐवजी निमुळते बोल्ट वापरले. प्रत्येक छिद्र हाताने घासून त्या त्या बोल्टास तंतोतंत जुळविलेले असे. असा बोल्ट शेजारच्या छिद्रात बसविला तर तो वरून तसाच दिसेल, परंतु सांधा ढिला राहील. म्हणजे येथे ‘सारखे’ आणि ‘तेच’ ह्यांत फरक आहे.

मग निवड येते. बेअरिंगांतील मऊ पांढरा धातू झिजला असल्यास तो वितळवून नवा ओततात आणि दांड्याच्या मापाने खरवडून बसवितात. बिडाच्या सिलिंडरास भोवतीच्या पाण्याने गंज चढून तडा गेला असल्यास दोन मार्ग असतात: तडा शिवून जुने वाचवावयाचे, की नवे ओतून घ्यावयाचे. बैठकीच्या लाकडी चौकटीत एखादी फळी कुजली असेल तर कुजलेला तुकडाच कापून नवा सांधावयाचा, की सगळी चौकट नवी करावयाची? कातडे फाटले नसून नुसते विटले असेल, तर ते ठेवावयाचे की फेकावयाचे?

सोपा मार्ग सर्व नवे करण्याचा असतो. चकाकी हवी म्हणून काही जण जुन्या गाडीस क्रोमियमचा मुलामा देतात; परंतु मोटारींवर क्रोमियम आला तो १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९०७ च्या गाडीवर तो चढविणे म्हणजे शिवाजी महाराजांच्या चित्रात मनगटी घड्याळ काढण्यासारखे आहे. तसेच रोल्स-रॉइसच्या नाकावरील पंख पसरलेली मूर्ती आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु चार्ल्स साइक्स ह्या शिल्पकाराची ती कृती १९११ साली आली. ए. एक्स. २०१ चा जन्म तिच्या चार वर्षे आधीचा. सुंदर दिसते म्हणून ती मूर्ती ह्या गाडीच्या मूळ रूपाचा भाग ठरत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपली आवड बाजूस ठेवावी लागते, ती अशी.

गमावले जाते ते काय

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. १९०७ साली गाडी सोडविली तेव्हा प्रश्न होता, ‘काय झिजले?’ पाऊण शतकानंतर ती सोडविली तेव्हा प्रश्न होता, ‘काय उरले?’ पहिल्या वेळी झीज हा दोष होता. दुसऱ्या वेळी झीज हाच इतिहास होता. पायपट्टीची घासलेली कड सांगते की येथे हजारो वेळा पाय पडला. जुन्या रंगाचे थर सांगतात की गाडी कितीदा रंगविली गेली. सर्व घासून काढले की गाडी झळकते, पण साक्षीदार मुका होतो. खरवडलेला रंग पुन्हा लावता येतो. तो १९०७ चा मात्र होत नाही.

म्हणून काही अभ्यासकांचे मत असे की, जुन्या गाड्यांस शक्यतो हात लावू नये. आहे ते जपावे. दुसरे म्हणतात, मोटार हे चालण्याचे यंत्र आहे. न चालणारी मोटार ही भूसा भरलेल्या वाघासारखी, दिसायला वाघ, पण डरकाळी नाही. सिल्व्हर घोस्टचा तर गुणच असा की तो उभ्या गाडीत दिसत नाही. शांतता ऐकावयाची तर इंजिन चालू हवे! दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली ‘तुरिन सनद’ मान्य केली, तिचा रोख असा आहे: आधी जतन, मग दुरुस्ती, आणि जीर्णोद्धार अगदी गरज असेल तेव्हा, जे नवे बसवाल ते ओळखू येईल असे ठेवा, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करा.

आमच्या मते ह्यातील शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. नवा भाग बसविणे हे पाप नाही. नवा भाग जुना म्हणून दाखविणे हे असत्य आहे. ज्या गाडीची कीर्ती झिजेचा पै-पैचा हिशेब जाहीर करून झाली, तिच्या जीर्णोद्धाराचाही हिशेब तितकाच उघड असावा, हेच तिला शोभते. काय राहिले, काय बदलले, केव्हा व का बदलले, हे लिहून ठेवले असेल तर गाडी नवी की जुनी हा वाद उरत नाही. ती दोन्ही आहे, आणि कोठे कोणती आहे हे वाचणाऱ्यास कळते.

घरचा पाठ

रोल्स १९१० साली विमानाच्या अपघातात गेला, रॉइस १९३३ साली. त्यांची गाडी मागे राहिली. कारण कोणी ती वापरली, कोणी परत आणली, आणि कोणी धीराने तिचे बोल्ट त्यांच्या त्यांच्या छिद्रांत पुन्हा बसविले. आपल्याकडे इतके दैव सर्व यंत्रांच्या वाट्यास येत नाही. ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांवरील चिमुकली आगगाडी आमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी पाहिली होती. २०२० साली तीही थांबली.

विद्यार्थिमित्रांनो, रोल्स-रॉइस आपल्या कोणाच्या अंगणात नाही. परंतु आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ, आजीचे शिवणयंत्र, माळ्यावरची बाजाची पेटी असे काहीतरी बहुतेक घरांत असते. ते बंद पडले असेल तर मोडीत देण्यापूर्वी, आणि हौसेने रंगविण्यापूर्वीही, एक वही घ्या. त्या वस्तूचे चित्र काढा. तिच्यावरील अक्षरे व आकडे उतरवून घ्या. ती कोणी, केव्हा आणली हे घरातील वडील माणसांस विचारा. नंतर जाणत्या कारागिराकडे न्या, आणि त्याने काय काढले व काय घातले ते तारखेसह त्याच वहीत लिहा. काढलेला भाग फेकू नका. चिठ्ठी बांधून डबीत ठेवा.

घड्याळ पुन्हा टिकटिकू लागेल तेव्हा वही त्याच्या पेटीत ठेवून द्या. पन्नास वर्षांनी ती पेटी जो कोणी उघडील, त्यास ती पहिल्याने वाचावयास मिळावी.